पहिल्या पातळीची अट

मेजरने वर्गात पाऊल टाकलं आणि आधी पंखा बंद केला. बाकांवरच्या कॅडेटांना वाटलं, साहेबांना वारा सोसत नसेल. फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंना मात्र कळायचं ते कळलं. पंख्याची घरघर थांबली की वर्गात कुणी श्वास रोखला तरी ऐकू येतो.

"चालू द्या बाई, तुमचं चालू द्या. मी आपला मागे बसतो."

नुसता मागे बसायला आलेला माणूस पंखा बंद करत नाही. बाईंनी खडू खाली ठेवला, साडीला हात पुसले आणि हसून म्हणाल्या, "या ना मेजरसाहेब. तुमचाच वर्ग आहे." हसणं त्यांना चांगलं जमलं.

या लष्करी महाविद्यालयात पदवीच्या मुलांनी कुठलाही विषय घ्यायचा म्हटला की त्याला काही ना काही अट असायचीच. तोफखान्याचं गणित हवं तर आधीची दोन गणितं सुटलेली हवीत. पूलबांधणी हवी तर बूट आणि गणवेशासकट तलाव पोहून दाखवायचा. स्फोटकं हवी असतील तर रसायनशास्त्र, आणि वर डॉक्टरचा दाखला की हात थरथरत नाहीत. या सगळ्यांत बाईंचा वर्ग जगावेगळा. सीमेपलीकडच्या लोकांची भाषा, पहिली पातळी. अट एकच: ती भाषा अजिबात येत नसावी.

"आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या विषयाला मी शंभर टक्के पात्र ठरलो," असं पहिल्याच दिवशी ढोल्या म्हणाला होता, आणि वर्ग खो खो हसला होता. ढोल्या हा मागच्या बाकावरचा गोल गरगरीत कॅडेट. बसल्या जागी झोपायची कला त्याला अवगत होती.

अटीमागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. ज्याला ती भाषा घरातूनच येते, त्याला शिकवायचं काय? त्याला सरळ श्रवण तुकडीत घ्यायचं. सीमेवरच्या एका बुटक्या इमारतीत कानांना यंत्र लावून बसवायचं आणि पलीकडचं बोलणं ऐकायला लावायचं. एकदा तिथे गेलेलं माणूस सहसा परत येत नसे. त्याच्या शाखेचं, त्याच्या आवडीनिवडीचं कुणी विचारत नसे. अशी माणसं मुळात थोडी, आणि मेजर त्यांच्याच शोधात गावोगाव, वर्गोवर्गी हिंडत असे.

बाईंनी तिथे बारा वर्षं काढली होती. तुकडीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पलीकडचे शिपाई रात्री फोनवर घरी बोलायचे, आईला औषध घेतलंस का विचारायचे, बायकोशी उगाच भांडायचे. बाई त्यातून कामाचं तेवढं टिपून वर पाठवायच्या. मग कधी कधी दोन दिवसांनी त्यातला एखादा आवाज कायमचा बंद व्हायचा. आई घरून बोलत राहायची आणि शिपायाकडून उत्तर नसायचं. तेही ऐकावं लागे. बारा वर्षांनी बाईंनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा त्याला हात लावणार नाही म्हणून सांगितलं. मग त्या इथे मुलांना 'हे माझे घर आहे' शिकवायला आल्या.

आणि या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर, ढोल्याच्या शेजारी शिडी बसली होती.

शिडी म्हणजे वर्गातली सगळ्यांत उंच पोरगी. नाव मुलांनीच ठेवलेलं, आणि तिने ते हसत हसत घेतलेलं. तिला विमान चालवायचं होतं. लहानपणापासून दुसरं काही सुचलंच नव्हतं, असं ती म्हणायची. वैमानिक शाखेसाठी एक परकी भाषा उत्तीर्ण असावी लागते. बाकीच्या दोन भाषांचे तास हवामानशास्त्राच्या तासावर आदळत होते, आणि हवामानशास्त्र सोडलं तर विमान सुटलं. उरली ही भाषा. 'मला ही भाषा येत नाही' म्हणून शिडीने सही केली होती.

ती सही खोटी होती. एकदा वर्गातून बाहेर पडताना तिचं बोट दारात चेमटलं आणि तोंडातून जे निघालं, ते पलीकडच्या खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या बोलतात तसं, अगदी अस्सल. पुस्तकातून येणारी चीज नव्हे ती. आजीच्या मांडीवरच येते. पोरगी बोट तोंडात धरून पांढरीफटक पडली.

"लागलं का गं फार?" बाईंनी विचारलं होतं, एवढंच. "जा, गार पाण्याखाली धर."

त्यानंतर त्या गोष्टीबद्दल दोघींत अवाक्षर झालं नाही. पण बाई त्या दिवसापासून तिच्यावर लक्ष ठेवून होत्या, आणि कुणी लक्ष ठेवलं तरी चेहरा कोरा ठेवायला पोरगी शिकली होती.

मेजर मागे बसला नाही. बाकांमधून सावकाश फिरत फळ्यापर्यंत आला आणि बाईंशी गप्पा मारल्यासारखा, पलीकडच्या भाषेत, एक विनोद सांगू लागला. महाविद्यालयाच्या प्रमुखांच्या मिशा, एक बकरी आणि प्रमुखांच्या सौभाग्यवती. विनोद इतका वाह्यात होता की बाईंनाच हसू आवरेना. तोंडावर पदर धरून त्यांनी ते खोकल्यात घालवलं. मुलं एकमेकांकडे बघत बसली. शिडीही त्यांच्यासारखीच, किंचित आ वासून.

ही पहिली युक्ती. दुसरीही बाईंना पाठ होती.

मेजर पुन्हा बाकांमधून चालू लागला. एकेकापाशी थांबून, त्याच सपाट आवाजात, पलीकडच्या भाषेत म्हणे, "तुझं वरचं बटण तुटलंय." पुढच्याने "यस सर" म्हणून टाकलं. त्याच्या पुढच्याने बावळटासारखं स्मित केलं. कुणाचाही हात बटणाकडे गेला नाही. मेजर शिडीपाशी जरा जास्तच वेळ थांबला.

"तुझं वरचं बटण तुटलंय, पोरी. आतलं दिसतंय."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. शिडीचे दोन्ही हात वहीवर होते, ते वहीवरच राहिले. तिने मान वर केली आणि म्हणाली, "सॉरी सर, हे अजून आम्हाला शिकवलेलं नाही."

शाबास गं पोरी, बाई मनात म्हणाल्या. पण जीव भांड्यात पडेना, कारण तिसरी युक्ती बाकी होती आणि तिसऱ्या युक्तीतून आजवर कुणी सुटलं नव्हतं. स्वतःवर बेतलं तर माणूस दगड होऊन बसू शकतं. पाठ केलेलं असतं, मनाची तयारी असते. दुसऱ्यावर बेतलं की मनाला विचारायलाच वेळ मिळत नाही. हे बाईंनाच एके काळी सुचलं होतं, आणि मेजर तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला त्यांचा शिकाऊ होता.

मेजर खिडकीशी गेला. पाठमोरा उभा राहून बाहेर कवायतीच्या मैदानाकडे बघू लागला. खिडकीच्या काचेत सगळा वर्ग दिसत होता, ते बाईंना ठाऊक होतं. मग तो कुणाला उद्देशून नाही असा, हवापाण्याबद्दल बोलावं तसा, पलीकडच्या भाषेत बोलला.

"त्या जाड्याच्या कॉलरवर विंचू चढलाय. मानेला टेकला बघा."

ढोल्या पेंगत होता. त्याच्या शेजारी शिडीचा उजवा हात वहीवरून उचलला गेला.

"अगं बाई, विंचू! ढोल्या, मान! अरे मान!"

बाई असं ओरडल्या की व्हरांड्यातला पहारेकरी धावत दाराशी आला. ओरडता ओरडता त्यांनी फळ्यावरचं डस्टर उचलून नेम धरून फेकलं. ते ढोल्याच्या कानाखाली बसलं आणि खडूचा पांढरा धुरळा उडाला. "विंचू, विंचू" करत वर्ग उठला. दोन बाक आडवे झाले. चारपाच जण ढोल्याच्या अंगावर तुटून पडले, कुणी कॉलर ओढतंय, कुणी पाठीत गुद्दे घालतंय. त्या हातांमध्ये शिडीचाही एक हात होता, आता कुणाला न ओळखता येण्यासारखा.

"मेलो, मेलो!" ढोल्या ओरडत होता. "सर, चावला बहुतेक!"

विंचू सापडला नाही. सापडणार कुठून? मुलं हसू लागली, बाक सरळ झाले, ढोल्याने केसांतला खडू झटकला. मेजर एवढा वेळ खिडकीशीच होता. त्याने रुमाल काढून बाहीवरची पांढरी भुकटी टिपली.

"बाई, जरा बाहेर येता का?"

व्हरांड्यात तो दारापासून दोन पावलांवर थांबला. पहारेकऱ्याला त्याने हाताने जायला सांगितलं. दार उघडंच ठेवलं. तो पलीकडच्या भाषेतच बोलू लागला, आणि आवाज वर्गात होता तेवढाच मोठा.

"ही युक्ती तुम्ही मला शिकवलीत. आणि तुम्हीच फसलात?"

"वय झालं रे," बाईही त्याच भाषेत म्हणाल्या. "विंचू म्हटलं की काळजाचं पाणी होतं."

"हात कुणाचा उठला ते मला नीट दिसलं नाही. तुमचा धुरळा मध्ये आला. पण उठला नसता तर तुम्ही ओरडला नसतात."

खोटं बोलावं तर ज्याला खोटं ओळखायला आपणच शिकवलं, त्याच्यापुढे काय बोलायचं?

"मला माणूस हवंय बाई. तिकडे दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. वरून रोज विचारणा होते. आज मी रिकाम्या हाताने गेलो तर उद्या परत येईन आणि एकेकाला खोलीत बोलावीन. एकट्याला. खोटी सही केलेला सापडला तर त्याची शाखा जाईल आणि तो माझ्याकडे येईल, अपमान होऊन येईल. तेव्हा तुमचं डस्टर कामाला येणार नाही."

"माणूसच हवं ना?"

"हो."

"मग मी येते."

मेजरच्या चेहऱ्यावर क्षणभर तो जुना शिकाऊ पोरगा दिसला.

"तुम्ही पुन्हा हात लावणार नाही म्हणाला होतात," तो म्हणाला.

"म्हणाले होते." बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "डाव्या कानाने कमी ऐकू येतं आता. उजव्यावर भागेल ना तुझं?"

"भागेल."

"पण मग हा वर्ग परत तपासायचा नाही. शब्द दे."

"दिला. तुम्ही त्या खुर्चीत बसा, मी इकडे फिरकणार नाही. पण तुमच्याऐवजी इथून कुणी आपणहून उठलं, तर तुम्हाला यायची गरज नाही. ते तुमचं नशीब."

हे तो बाईंकडे बघून बोलला नाही. उघड्या दारातून वर्गाकडे बघत बोलला, एकेक शब्द सुटा करून. तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. दार उघडं का, आवाज मोठा का, बोलणं या भाषेत का. वर्गातल्या सगळ्यांना हे म्हणजे नुसता गलका होता. समजणारं माणूस एकच होतं. ही चौथी युक्ती त्यांनी त्याला शिकवलेली नव्हती, ती त्याची स्वतःची होती.

बाईंना वाटलं, आता ती उठणार. जी पोरगी ढोल्यासाठी हात उचलते, ती माझ्यासाठी उठल्याशिवाय राहील? उठू नकोस गं. म्हाताऱ्या बाईसाठी कुणी आकाश सोडतं का? हे मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. म्हणायचं तर त्याच भाषेत म्हणावं लागणार, आणि तो ते ऐकणार.

त्या वर्गात शिरल्या. मेजर दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. त्याला घाई नव्हती.

मुलांचे चेहरे हसून हसून लाल झाले होते. ढोल्या कॉलर चाचपत होता. शिडी ताठ बसली होती, दोन्ही हात वहीवर. तिची नजर बाईंच्या चेहऱ्यावर आली आणि इतर मुलांची जशी होती तशीच, जराशी उत्सुक, जराशी कंटाळलेली, तिथे थांबली. त्या नजरेत बाईंना काहीही दिसलं नाही. बाईंनी शोधून पाहिलं.

"पुस्तकं काढा," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "पुढचा धडा."

सगळ्यांनी पानं उलटली. शिडीनेही उलटलं, सगळ्यांच्या बरोबरीने, ना आधी ना नंतर.

दाराशी बुटांचा आवाज झाला आणि व्हरांड्यातून लांब लांब जात राहिला. सुटली पोरगी. बाईंना हायसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्यांनी पाठ फिरवली आणि फळ्यावर धड्याचं नाव लिहायला घेतलं. थोडं वाईटही वाटत होतं, ते कुणाला दिसू नये म्हणून त्या नेहमीपेक्षा सावकाश लिहीत राहिल्या.