एक नमो मारिया

सालोमीने प्लग बोर्डातून उपटला आणि पॅन्टच्या खिशात कोंबला. वायर तिच्या कमरेपासून टेबलावरच्या रंधा मशीनपर्यंत लोंबत राहिली. काढलेला प्लग जमिनीवर टाकला की कुणीतरी उचलून लावतंच, हे ती सातिवलीच्या फर्निचर कारखान्यात शिकली होती. खिशातला लावायचा तर आधी तिला विचारावं लागतं.

मग तिने बाकाची फळी समोर ओढली आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक तिच्यावरून सावकाश फिरवलं. दोन जागी ते चिकटलं. नाताळात चांदण्या लटकवायला कुणीतरी ठोकलेले बारीक खिळे, डोकी गंजून लाकडात बुडालेली. पात्याला असा एक खिळा लागला की संपलं. तिने पक्कड घेतली आणि दोन्ही ओढून काढले.

"माझ्या बाकात खिळा नव्हता," मागून आवाज आला. "एकसुद्धा नव्हता."

तिचे वडील, फ्रेडरिक मिस्त्री, शेडच्या दारात स्टुलावर बसले होते. तोंड वाडीतल्या केळींकडे, पाठ मशीनकडे. मशीन घरात आल्याला आठ दिवस झाले होते आणि आठ दिवस तिला त्यांची पाठच दिसत होती. जेवताना मीठ हवं असलं तरी म्हणायचे, "त्या बाईला सांग." घरात माणसं दोनच. सांगायचं कुणी, मांजराने?

"तुमच्या हातचे नाहीत, पप्पा. मागाहून ठोकलेत लोकांनी."

"काढलेस ना? मग आता रंध्याने कर. हाताच्या."

"बावीस बाक? हाताने? चर्चचा सण वीस दिवसांवर आलाय."

"मी केले होते."

"दीड वर्ष लागलं होतं तुम्हाला. मम्मी सांगायची."

मम्मीचं नाव निघताच फ्रेडरिकनी स्टूल आणखी थोडं केळींकडे सरकवलं.

चर्चच्या हॉलमधले ते बावीस बाक त्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी याच शेडमध्ये केले होते. सागवानी, नुसत्या सांध्यांवर उभे. आता बसायच्या फळ्या वाकल्या होत्या, वरून खडबडीत झाल्या होत्या, बायकांच्या साड्यांचे धागे ओढत होत्या. पॅरिश कौन्सिलने ठरवून टाकलं की बाक भंगारात द्यायचे आणि स्टीलच्या खुर्च्या आणायच्या. त्या मीटिंगमध्ये सालोमी मागच्या रांगेतून उभी राहिली होती. म्हणाली, "एक बाक मला द्या. आठवड्यात नवा करून दाखवते. नाही पटला तर खुशाल फोडा सगळे." हॉलमध्ये हशा पिकला. पण फादरनी मान हलवली आणि बाक टेम्पोत बसून घरी आला. आज चार वाजता कौन्सिलचे सेक्रेटरी लेस्टर अंकल काम बघायला येणार होते. त्यांना पटलं तर उरलेले एकवीस बाक तिचे. नाहीतर सोमवारी भंगारवाला.

तीन फळ्या झाल्या होत्या, कारखान्यातून आल्यावर संध्याकाळी एकेक करून. त्या वेळात फ्रेडरिक वाडीत जाऊन बसत, मशीनचा आवाज कानावर नको म्हणून. ही चौथी तिने मुद्दाम लेस्टर अंकलसाठी ठेवली होती. होऊ दे त्यांच्या डोळ्यांसमोर.

"या घरात मशीन चालणार नाही, असं मी सांगितलं होतं," फ्रेडरिक केळींना म्हणाले.

"सांगितलं होतं. मी ऐकलं होतं."

"आणि तरी आणलंस."

"तरी आणलं."

एवढं बोलून तिने फळी टेबलावर दोन शिकंज्यांनी आवळली आणि हलते का ते अंगठ्याने रेटून पाहिलं. हलली नाही.

फ्रेडरिकच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरापासून नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी मशीन उसळलं आणि बोट घेऊन गेलं, हे भुईगावात लहान पोरालाही माहीत होतं. ते स्वतःच सांगायचे. लग्नात, मयतीला, चर्चबाहेर उभ्या उभ्या. "सैतान आहे ते. फळीवर टेकवलं आणि असं उसळलं!" हॉस्पिटलातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मशीन उचललं आणि वाडीतल्या बावखलाच्या पाण्यात फेकलं. बेडकं चार दिवस ओरडली नाहीत, असं मम्मी म्हणायची. त्यानंतर मिस्त्रींनी मोठं काम घेतलं नाही. हाताचा रंधा धरायलाही ते बोट लागतं.

सालोमीने सातिवलीला पहिल्यांदा मशीन हातात घेतलं तेव्हा ती तीस वर्षांची होती. कारखान्यात बायका पॉलिशला असत. मशीनवर जायचं म्हणून ती फोरमन जितेशच्या डोक्याशी चार महिने भुणभुणली, तेव्हा एका दुपारी वैतागून त्याने मशीन तिच्या हातात दिलं. तिने मागची मूठ धरली, खटक्यावर बोट ठेवलं आणि तशीच उभी राहिली. जितेशला वाटलं, घाबरली. ती घाबरली नव्हती. ती खटक्यावरच्या आपल्या बोटाकडे बघत होती. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं.

त्याला आता तीन वर्षं झाली. तिने कुणाला काही म्हटलं नव्हतं.

चाराला पाच मिनिटं असताना फाटकाशी स्कूटर थांबली. लेस्टर अंकल बँकेतून रिटायर झालेले, वेळेचे पक्के. मे महिन्यात गल्लीतल्या क्रुसासमोर रोझरीची माळ तेच सांगायचे. नमो मारिया प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग ते म्हणत, दुसरा सगळी गल्ली. अख्ख्या जन्मात त्यांचा एक मणी चुकला नसेल.

"मिस्त्री, बरं आहे ना?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत येऊन झालेल्या फळीवर तळहात फिरवला. एकदा, परत एकदा. "छान झालंय. खरंच छान. कुणी केलं?"

"मी," सालोमी म्हणाली.

"तसं नाही गं. मशीन कुणी चालवलं?"

"मीच."

लेस्टर अंकलनी हात फळीवरून काढून घेतला.

"हे बघ पोरी, राग मानू नकोस. पॉलिश तू कर, छान करतेस. मशीनवर सातिवलीहून एखादा माणूस आण. उद्या काही झालं तर लोक म्हणतील, चर्चच्या कामात कौन्सिलने बाईमाणसाला पुढे केलं."

"माणूस कशाला? सातिवलीहून मीच येते रोज."

"जीभ चालते तुझी. पण मशीन उसळलं तर बाईच्या मनगटात..."

"अंकल, तुम्ही तिकडे उभे राहा," सालोमी म्हणाली. "मशीनच्या बाजूच्या तोंडासमोर नको, ढलप्या उडतील. आणि मग सांगा मनगटाचं."

तिने वेणी टी-शर्टच्या आत सारली, चष्मा चढवला, कानात बोळे घातले. वायर खांद्यावरून पाठीवर टाकली, पात्याच्या वाटेत नको म्हणून. चकती फिरवून पातं अगदी पोस्टकार्डाच्या जाडीएवढं ठेवलं. मग कुठे खिशातला प्लग बोर्डात गेला.

खटका दाबला. मशीन हवेत पूर्ण वेगात आलं आणि मगच तिने त्याचा पुढचा तळ फळीवर टेकवला. सुरुवातीला भार पुढच्या हातावर, सरताना मागच्या. एका चालीत ती या टोकापासून त्या टोकाला गेली. ढलप्यांचा फवारा शेडच्या भिंतीवर आदळला आणि पस्तीस वर्षांच्या काळपट फळीतून सागाचा पिवळा पट्टा निघाला. वासही आला, नव्या सागाचा. दारातली पाठ किंचित हलली.

फळीच्या टोकाला तिने खटका सोडला. मशीन खाली ठेवलं नाही. दोन्ही हातांनी तसंच धरून उभी राहिली आणि तिचे ओठ हलू लागले. आवाज उतरत गेला, घरघर, मग कुजबुज, मग काही नाही. तेव्हा तिने मशीन आडवं केलं, प्लग काढला, खिशात घातला आणि कानातले बोळे काढले.

लेस्टर अंकल हसत होते.

"बघ! देवाचं नाव घेत होतीस. मनातून घाबरतेसच की."

"घाबरत नाही. मोजते. खटका सोडला तरी पातं फिरत राहतं. एक नमो मारिया म्हणून होईतो थांबतं. आमेनच्या आधी मी हात लावत नाही."

"नमो मारियाने मशीन मोजतेस?"

"घड्याळ बघायला हात मोकळा नसतो, अंकल."

लेस्टर अंकलना हे आवडलं की बोचलं, कळलं नाही. त्यांनी रुमालाने मान पुसली.

"हे बघ, काम चांगलं आहे. मी नाही म्हणत नाही. पण एवढ्या मोठ्या मिस्त्रीचं बोट मशीनने उसळून नेलं. चाळीस वर्षांचा हात त्यांचा! त्यांना आवरलं नाही ते तुला आवरणार? सांग ना. आहे याला उत्तर?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. तीन वर्षं होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि एकवीस बाक तिचे झाले असते.

तिने दाराकडे पाहिलं. फ्रेडरिक आता वळले होते. डावा हात त्यांनी उजव्यावर झाकून धरला होता, चर्चबाहेर फोटो काढताना धरायचे तसा.

"उत्तर नाही," ती म्हणाली. "मला येतं ते दाखवलं. पण माणूस आणणार नाही. मशीन मी चालवीन, नाहीतर बाक घेऊन जा."

"सालोमी, हट्ट करू नकोस."

"हट्टच आहे. उचला."

लेस्टर अंकलनी सुस्कारा सोडला आणि टेम्पोवाल्याला लावायला फोन काढला. सालोमीचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला संताप येत होता. चष्मा अजून डोळ्यांवर होता हे बरं झालं.

"लेस्टर," फ्रेडरिक म्हणाले. "ठेव तो फोन. इकडे ये."

ते उठून टेबलाशी आले. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

"हे मशीन हातात घे. घे रे, प्लग तिच्या खिशात आहे. धर मूठ. आता खटका दाब."

लेस्टर अंकलनी गोंधळून खटका दाबला. टक् आवाज झाला.

"कुठल्या बोटाने दाबलास?"

"या."

"उजव्या हाताच्या?"

"हो, मग?"

"आता सांग. मशीन चालू आहे, उसळलं, सगळं खरं धर. हे बोट खटक्यावर असताना खाली पात्यात जाईल कसं?"

लेस्टर अंकलनी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग फ्रेडरिकच्या हाताकडे. तो आता उघडा होता, टेबलावर ठेवलेला.

"मशीन उसळलं नव्हतं," फ्रेडरिक म्हणाले. "मी खटका सोडला. बाजूच्या तोंडात ढलपी अडकली होती, ती काढायला बोट घातलं. रंध्याची ढलपी चाळीस वर्षं तशीच काढत आलो. रंधा आपण थांबलो की थांबतो ना! बोट आपोआप गेलं. पहिल्याच आठवड्यात शिकवायची गोष्ट. कुणी विचारलं असतं, मिस्त्री, एवढं कळत नाही तुम्हाला? म्हणून मशीनवर ढकललं. अकरा वर्षं ढकलतोय."

लेस्टर अंकलनी मशीन हळूच टेबलावर ठेवलं. बाहेर एक केळीचं पान वाऱ्याने फडफडत होतं.

"हिला माहीत होतं," फ्रेडरिक लेस्टरला म्हणाले, पण बघत तिच्याकडे होते. "पहिल्या दिवसापासून माहीत असणार. मशीन धरलेल्या माणसाला कळल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच घरात नको होतं मला ते." मग तिला म्हणाले, "आत्ता का नाही बोललीस गं?"

"तुमचं होतं ते सांगायचं," सालोमी म्हणाली.

फ्रेडरिकनी नाक शिंकरलं, जोरात, वाडीभर ऐकू जाईल असं.

"अजून अर्धी फळी बाकी आहे," ते म्हणाले. "लाव प्लग. मी इथे उभा राहणार. आणि कानात बोळे मलापण दे."

तिने परत सगळं पहिल्यापासून केलं. शिकंजे रेटून पाहिले, वायर पाठीवर टाकली. फ्रेडरिक तिच्या डाव्या अंगाला हातभर लांब उभे होते, लेस्टर अंकल त्यांच्या मागे. मशीन फळीवरून गेलं, सागाचा दुसरा पट्टा निघाला आणि टोकाला तिने खटका सोडला. या वेळी बाजूच्या तोंडात एक लांब ढलपी अडकून लोंबत राहिली.

फ्रेडरिकचा उजवा हात पुढे आला. आपोआप. वीतभर आला आणि थांबला, आणि त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून मागे घेतला. सालोमीने मशीन तसूभरही हलवलं नाही. पण या वेळी ती नमो मारिया मोठ्याने म्हणू लागली.

पहिला अर्धा भाग संपला, तशी फ्रेडरिकनी दुसरा उचलला. आणि त्यांच्यामागून आणखी एक आवाज आला. लेस्टर अंकलना उत्तर द्यायचं नव्हतं, निदान त्यांचा चेहरा तसं सांगत होता. पण पहिला भाग कानावर पडला की दुसरा तोंडातून निघतोच, साठ वर्षांची सवय. तिघांचा आवाज आणि मशीनची घरघर बरोबरच खाली उतरत गेली.

"आमेन," तिघं म्हणाले. पातं थांबलं होतं.

फ्रेडरिक बोर्डापर्यंत गेले, उरलेल्या बोटांनी प्लग काढला आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात घातला.

"हं. आता काढ ढलपी."

तिने काढली. लेस्टर अंकलनी फळीवरून हात फिरवला, एकदा, परत एकदा. मग त्यांनी खिशातून परत फोन काढला.

"एकवीस बाकांना," ते म्हणाले, "छोटा टेम्पो पुरेल का गं?"

"मोठा पाठवा," सालोमी म्हणाली.