घड्याळ बंद करायचं नाही

मामाच्या टोळीला शुक्रवारी हाकलायचं असं साहेबांनी ठरवलं, आणि त्याला कारण होतं मामाच्या सख्ख्या भाचीचं गणित.

इमारतीच्या पायासाठी जमिनीत खोल भोकं पाडून ती काँक्रीटने भरायची, हे मामाचं काम. त्याला लागणारा वेळ मोजायचा, कॉम्प्युटरवर तेच काम हजार वेळा खोटंखोटं करून बघायचं आणि खर्चाचा अंदाज काढायचा, हे भाचीचं. टोळीने तिचं नावच घड्याळवाली पाडलं होतं. कॉम्प्युटर म्हणाला, दिवसाला सहा भोकं. टोळी भरायची चार. मग काय, माणसांना आळशी ठरवायला कितीसा वेळ लागतो!

मामाने रोजच्यासारखा आपला डबा तिच्यापुढे सरकवला. तेच तिला जास्त लागलं. ती वही घेऊन पुन्हा भोकं पाडायच्या मशीनपाशी गेली.

"मशीन का बंद केलंस, मामा?"

"काँक्रीटची गाडी यायचीय. तोवर उगाच डिझेल जाळू?"

मशीन बंद झालं की तीही घड्याळ बंद करायची. दीड महिना! वाट बघण्यातलं एक मिनिटही तिने धरलं नव्हतं. सगळं नव्याने मोजून मांडलं, तर आकडा आला चार. कधी कधी तीनच.

"चूक माझी आहे, टोळीची नाही," तिने साहेबांना सांगितलं.

"सहाचा कागद वर गेलाय. आता गप्प बस, नाहीतर नोकरीला मुकशील."

"मुकेन. पण गप्प बसणार नाही. उद्या घड्याळ तुम्ही धरा. चारच्या वर एक जरी भरलं, तर मामाच्या आधी मी घरी जाते."

साहेब इरेला पेटले. दुसऱ्या दिवशी सकाळीच चिखलात येऊन उभे राहिले, टोळीला काढल्याची चिठ्ठी खिशात घेऊन. दुपारपर्यंत दोन भरली. तिसरं तयार झालं, मामाने मशीन बंद केलं. गाडीचा पत्ता नाही. साहेबांचा अंगठा आपसूक घड्याळाच्या बटणावर गेला.

तिने त्यांचं मनगट धरलं. "बंद करायचं नाही, साहेब. मी इथेच चुकले."

पन्नास मिनिटं साहेब फोनवर काँक्रीटवाल्याच्या नावाने ओरडत होते आणि हातातलं घड्याळ चालत होतं. मामा शांतपणे पाणी प्यायला.

संध्याकाळी चौथं भरलं. साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली, उलटी केली आणि तिचं पेन घेऊन कोऱ्या बाजूवर लिहिलं, चार.

तिने पेन परत घेतलं नाही.

"सहीसुद्धा करा," ती म्हणाली.