उदैदच्या दांड्यावर

एकोणऐंशी साली मी कतारमध्ये कंपनीची बोट चालवायचो. आमचे इंजिनीयर राजाभाऊ पुण्याचे. पौर्णिमेला उदैदच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याला इतकी ओढ होती, की बोट दोनदा गर्रकन फिरली. मी म्हटलं, "साहेब, माघारी जाऊ."

"भरती आहे. वाळूच्या दांड्यावरून काढ."

काढली. ऐन दांड्यावर रुतली, आणि तेवढ्यात पाणी उतरायला लागलं.

राजाभाऊंनी घड्याळ पाहिलं. "पुढच्या भरतीला निघू."

"पाणी येईल, पण एवढं नाही. हे उधाणाचं होतं. एवढं आता अमावास्येला."

"मच्छिंद्र, ही तुमच्या विजयदुर्गची खाडी नाही. इथे तिथीबिथी चालत नाही."

ओहोटीला आम्ही चिखल तुडवत किनाऱ्याला आलो. पुढचे पंधरा दिवस बोट जागची हलली नाही. साहेब डायरीत रोज "बोट सुस्थितीत" लिहायचे.

अमावास्येला आम्ही बोटीत जाऊन बसलो. दुपारी पाणी चढलं, बोट तरंगली. मी इंजिनाला हात घातला, तर राजाभाऊंनी मनगट धरलं.

"अरे, अमावास्येला कोणी प्रवासाला निघतं का?"

मी हात काढून घेतला. बोललो असतो तर नोकरी गेली असती. नांगर टाकून आम्ही तासभर तरंगलो. मग पाणी उतरलं आणि बोट अलगद दांड्यावर टेकली.

राजाभाऊ घड्याळाकडे न बघता म्हणाले, "म्हणजे आता पौर्णिमेला."