फुआतिनोच्या पसंतीचा लॅपटॉप

मित्रांनो, माझी दोन बटणं निखळली आहेत आणि झाकण उघडताना मी कुरकुरतो. मला पाहून तुम्ही म्हणाल, हा लॅपटॉप भंगारात का नाही टाकला? पण सामोआतल्या सवाई बेटावर मला फार माया मिळाली. ती कशी, ते सांगतो.

मी मूळचा ऑकलंडच्या एका कचेरीतला. तिथे काही वर्षं आकडेमोड केली. मग नवी यंत्रं आली आणि आम्हाला अडगळीत टाकलं. तिथल्या सामोअन चर्चच्या मंडळींनी आमच्यातले तीन चालू लॅपटॉप निवडले, स्वच्छ पुसले आणि बोटीने सवाईतल्या आपल्या गावी पाठवले.

गावात वायफाय फक्त पाद्रीसाहेबांच्या घरी होतं. त्यांच्या पत्नी पेनिनाबाईंनी आमचं खोकं उघडलं आणि सगळ्यात आधी फुआतिनोला निरोप धाडला.

फुआतिनो जन्मापासून बहिरी. केवड्याच्या पातीच्या चटया विणण्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिची एकुलती एक लेक लागी ऑकलंडला वृद्धाश्रमात कामाला होती आणि आता तिला दिवस गेले होते. मायलेकी हातांनी बोलत. ती भाषा त्यांनी घरातच घडवलेली. नवऱ्याच्या, म्हणजे इओसेफाच्या फोनवर नुसता आवाज यायचा. फुआतिनोला त्याचा काय उपयोग?

पेनिनाबाईंनी आम्हा तिघांना ओट्यावर मांडलं आणि एकेकाच्या पडद्यावर व्हिडिओने लागीला बोलावलं. पहिल्याचा पडदा आरशासारखा चकचकीत होता. फुआतिनोला त्यात स्वतःचं तोंड आणि मागची नारळाची झाडंच दिसली. लागीने हात हलवले की बोटं एकमेकांत मिसळून जात. दुसऱ्याचा पडदा चांगला होता, पण तो थोड्याच वेळात तापला. इओसेफा हात झटकत म्हणाला, "अरे बापरे! यावर अळूचे कंद भाजून निघतील!" तेवढ्यात तो बंदच पडला.

मग माझी पाळी आली. उन्हातसुद्धा माझ्यात लागीचं एकेक बोट वेगळं दिसलं. मी तापलोही नाही. पण इओसेफा मला घेऊन आपल्या घराकडे निघाला, तर पाद्रीसाहेबांच्या कुंपणालगतचं नीरफणसाचं झाड ओलांडताच माझं वायफाय तुटलं. पहिल्याला त्याने असंच नेलं, तेव्हा तो मात्र थेट त्यांच्या घरापर्यंत टिकला होता.

इओसेफा बायकोला खुणेने आणि तोंडानेही सांगू लागला, "अगं, तो पहिलाच घे! घरात बसून बोलशील. हा तर कुंपणाशीच मान टाकतो."

फुआतिनोने भराभर हात हलवले.

"काय म्हणते?" पेनिनाबाईंनी विचारलं.

"म्हणते, घरात बसून काय करू? त्यात लेकीची बोटं दिसत नाहीत. मी चालत येईन."

"येऊ दे की. मलाही गप्पांना सोबत होईल."

"गप्पा? हिच्याशी?"

"तुझ्यापेक्षा बरी. बोलताना माझ्याकडे बघते तरी!"

तेव्हापासून फुआतिनो मला घेऊन नीरफणसाखाली बसू लागली. पुढे लागीला मुलगी झाली. तिचं नाव तेउइला. नातीला माझ्या पडद्यावर पाहताना फुआतिनो इतकी जवळ यायची, की तिच्या श्वासाने माझी काच धुरकट व्हायची.

काही महिन्यांनी एका दुपारी लागी समोर आली, पण तिचे हात वर येईनात. त्यांच्या भाषेत हेच गप्प बसणं. तिचे डोळे सुजलेले मी स्पष्ट दाखवले.

"हात वर घे," आईने खूण केली.

"आई, तेउइलाला ऐकू येत नाही."

फुआतिनोने सावकाश विचारलं, "माझ्यासारखी झाली, म्हणून रडतेस?"

"नाही गं! तुला पोरं मागून खडे मारायची. तू वळून बघेपर्यंत पळून जायची. मी पाहिलंय ते सगळं. हिच्या वाट्याला ते यायला नको, म्हणून रडते."

आईने एकही शब्द अर्धा न सोडता हातांनी सांगितलं, "माझ्या आईला हातांनी बोलता येत नव्हतं. तिच्या मनात काय आहे, ते मला कधीच कळलं नाही. हिच्या आईला येतं. आजीलाही येतं. हिला बोलायला दोघी आहेत. बाळाला पुढे घे."

त्या दिवसापासून ती रोज नातीशी बोलू लागली. दूध, कुत्रा, पाऊस, मासा. तेउइला नुसती टुकटुक बघायची. फुआतिनो कंटाळली नाही. आजीची खूण म्हणजे गालावर टेकवलेली दोन बोटं. ती खूण तर फुआतिनो पुन्हा पुन्हा करायची.

आणि एके दिवशी तेउइलाने माझ्या पडद्याकडे पाहत आपली इवलीशी बोटं गालाला लावली. चुकून कान आणि गाल यांच्या मधोमध लागली, पण लागली. पेनिनाबाई हातातला नारळ टाकून धावत आल्या. फुआतिनोने दोन्ही तळवे माझ्या काचेवर ठेवले आणि ती हसत-रडत तशीच बसून राहिली.

मित्रांनो, पुढे गावात मोबाइलचा मनोरा उभा राहिला, चित्र दाखवणारे फोन आले आणि माझी गरज संपली. पेटीत पडून खाऱ्या हवेने माझे सांधे गंजले, मुंग्यांनी पंख्यात घर केलं. याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुमच्याकडे माझा एखादा भाऊ असेल, तर त्याला गादीवर ठेवून गुदमरवू नका, त्याची धूळ पुसा. नवा आणलात तर जुना कोपऱ्यात सडू देऊ नका. तो कुणाच्या कामी येईल, ते शोधा. आमच्यातल्या कुणाला तरी अजून कुणाची तरी बोटं दाखवायची असतील.