चौकशीला आलेला साहेब

लाखनीला हायवेवरच्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानात संघपालनं एक फाटक कधीचं करून ठेवलं होतं. ते त्याच्या स्वतःच्या घराचं होतं. घर तेवढं व्हायचं होतं. गिऱ्हाईक भाव विचारी, तर तो "विकायचं नाही" म्हणून मोकळा होई.

घरासाठी कर्ज मागायला गेला, तर पगाराची चिठ्ठी नाही म्हणून दोन बँकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. तिसरी म्हणाली, आमचा माणूस येऊन धंदा पाहील.

तो आला तेव्हा संघपाल कामावर गेला होता आणि दुकानात त्याची माय पार्वताबाई एकटीच बसली होती.

संध्याकाळी माय खुशीत होती. "एक साहेब तुह्या कमाईचं पुसून राहिला होता, बाबू. मी म्हटलं, कायचा धंदा जी, कसंबसं पोट भरते."

साहेब बँकेचा होता, हे संघपालनं ओळखलं. रेशनकार्ड जाईल, टॅक्सवाले मागं लागतील, या धास्तीनं हे उत्तर त्यानंच तिला पढवलं होतं.

"बराबर सांगतलं ना?"

"हो माय. बराबर सांगतलं."

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं फाटकाचा भाव विचारला. संघपालनं तो सांगितला.