सगळ्यात मऊ चौकोन

गोधडीसाठी कापड कापताना मी मोजत नाही. पट्टी नाही, खडू नाही. कात्री जिकडे जाईल तिकडे जाऊ देते, तुकड्याला तुकडा जोडत राहते आणि वीतभर चौकोन झाला की बाजूला ठेवते. मोनालीला, माझ्या मुलीला, हा निव्वळ आळशीपणा वाटतो. बाभुळगावच्या शिवणक्लासात तिला सगळं टेपनं मोजून शिकवलंय. मी म्हणते, तुझा टेप तुझ्याजवळ, माझे डोळे माझ्याजवळ.

मोनाली बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ एकवीस दिवसांचं. आमच्या घरी बाळाला आधी जुनंच कापड लावतात, धुऊन धुऊन मऊ झालेलं. म्हणून माझ्या धाकट्या भावानं, उकंड्यानं, सोमवारी त्याच्या घरातल्या जुन्या कपड्यांचं गाठोडं आणून दिलं. उकंडा लोकांच्या कपाशीवर फवारणी करायला जातो. कपडे सगळे स्वच्छ, साबणाचा वास येणारे. मी दोन दिवसांत तीस चौकोन केले.

खरी मजा त्यापुढं असते. चौकोन सतरंजीवर मांडायचे, लांबून बघायचे, मोडायचे. आधी गडद काठाला आणि फिके मध्ये लावले, तर विहिरीत डोकावल्यासारखं वाटायला लागलं. मग तिरप्या ओळी लावल्या. मग लाल चौकोन दूर दूर पांगवले. प्रत्येक मांडणीवर मोनाली बाळाला मधोमध निजवायची आणि मोबाइलवर फोटो काढायची. शेवटी मी म्हटलं, रंग गेला चुलीत, झोपायचं तर बाळाला आहे. डोळे मिटून एकेक चौकोन गालाला लावून पाहिला. मऊ ते मध्ये, खरखरीत ते काठाला. हीच मांडणी ठरली. बाळानं मान वळवून मधल्या चौकोनाला तोंड लावलं, चोखायलाच लागलं, तेव्हा आम्ही मायलेकी पोट धरून हसलो.

गुरुवारी सकाळी उकंडा धापा टाकत अंगणात आला.

"ताई, गाठोड्यातला एक शर्ट वापस दे."

"काहून?"

"माह्या फवारणीचा शर्ट हाय त्यात. आज उघाड पडली म्हून निघालो, तं खुंटीवर दिसेना. बायकोनं धुतला अन् चुकून बाकीच्या कपड्याइत बांधून देल्ला."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "कोणता शर्ट?"

"पयले निळा होता. आता त्याले रंगच नाही राह्यला."

रंग उडालेले शर्ट गाठोड्यात पाच होते. पाचही मी कापले होते. कॉलर आणि बटनपट्ट्या त्याच दिवशी उकिरड्यावर गेल्या होत्या.

तेवढ्यात आतून मोनाली म्हणाली, "आई, बाळ सकायपासून दूधच ओढून नाही राह्यलं."

मी सगळे चौकोन उपसले आणि पुन्हा मांडायला बसले. या वेळी शोभेसाठी नाही. एका शर्टाचे तुकडे एका बाजूला करायचे होते, पण एकेका चौकोनात तीन-तीन शर्ट मिसळलेले. मीच मिसळले होते, मोजमाप लागत नाही या तोऱ्यात. हुंगून पाहिले, सगळ्यांना साबणाचाच वास.

"सांग ना, कोणता तुहा?" मी उकंड्यावर ओरडले. "अंगात तूच घालते ना?"

तो वाकून बघत राहिला. "सगळे सारखेच दिसून राह्यले, ताई. बायको दर फवारणीले दोन-दोन डाव घासते. इरून गेला तो."

इरून गेला, म्हणजे झिजून पातळ झाला. मग कळलं मला. बाकीचे कपडे आठवड्यातून एकदा धुतले जातात. फवारणीचा शर्ट दर वेळी दोनदा घासला जातो. गाठोड्यातलं सगळ्यात मऊ कापड तेच असणार. म्हणजे मी डोळे मिटून, गालाला लावून, निवडून निवडून विष मधोमध आणलं होतं. बाळाच्या तोंडाशी.

उकंड्यानं बाळाला बघायला हात पुढं केला. मी तो झटकला. "हात नको लावू त्याले!"

ऑटोत मोनाली रडत होती आणि मी उकंड्याला नाही नाही ते बोलत होते. चूक माझीही होती, राग सगळा त्याच्यावर निघत होता. हे कळूनही तोंड थांबत नव्हतं. तो ड्रायव्हरच्या बाजूला अंग चोरून बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी बाळाच्या छातीवर तळवा ठेवला आणि श्वास मोजत राहिले. मध्ये एक श्वास चुकल्यासारखा वाटला. मी बाळाला हलवलं. ते रडलं, तेव्हा कुठं माझा जीव जागेवर आला.

दवाखान्यात डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी बाळाचे कपडे उतरवले, अंग पुसून घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, छाती ऐकली.

"लाळ गळते? घाम? उलटी? हातपाय थरथरतात?"

मोनाली प्रत्येक प्रश्नाला मान हलवून नाही म्हणत गेली. मी तिच्या मानेकडे बघत होते.

"डोळ्यांच्या बाहुल्या नीट आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाक चोंदलंय, म्हणून दूध ओढत नाही. तरी संध्याकाळपर्यंत इथंच ठेवू."

मोनालीनं बाळ छातीशी धरलं.

दारात उभा असलेला उकंडा सैल पडला. बोलायलाच लागला. "बापा, म्या तं लय भेलो होतो. लाय, घाम, हातपाय कापनं, मले तं फवारणीच्या दिवसात होतेच. सकायी डोयापुढं धुकं दिसते. आपलं चालतेच म्हना. लेकराले काही झालं नाही, बस."

डॉक्टरबाईंचा बॅटरी धरलेला हात तसाच राहिला. मी भावाकडे पाहिलं. त्याच्या शर्टाच्या वीतभर तुकड्यासाठी मी सगळ्या रस्त्यानं आकांत केला होता, आणि तो अख्खा शर्ट त्याच्या अंगावर असतो. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. मला पुन्हा भीती वाटली, सकाळपेक्षा जास्त.

"किती वर्षं होतंय असं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

उकंड्यानं मागं वळून पाहिलं. त्याच्यामागं दारात कोणी नव्हतं.

"मले इचारता का?" तो म्हणाला.