पाणचक्की शेल

बाबांनी दगडाची कपची समोरच्या दातांखाली धरली, हळूच चावली आणि डोळे मिटून जिभेवर घोळवली. एकोणऐंशीव्या वर्षी धड दात मोजकेच उरले होते, पण ते असल्या कामाला लावताना त्यांनी डॉक्टरचीही भीड कधी बाळगली नव्हती.

"कचकच नाही. म्हणजे वाळू नाही, निव्वळ चिखल," ते म्हणाले. मग नखाने एक पापुद्रा सोडवला. "आणि पानं सुटतायत. चिखलाचा दगड, शेल. कुठला?"

"तुमच्या पाणचक्कीजवळचा."

बाबांचा चेहरा असा खुलला की लेकीला पर्समधला कागद आणखीच जड वाटू लागला. बापाचाच धंदा तिने उचलला होता. थरांच्या नावांची समिती आता तिच्याकडे होती, आणि तिच्या सहीने उद्या बाबांचा शेल नकाशावरून जाणार होता.

आयुष्यभर दगड फोडून बाबांनी नाव दिलेला थर हा एकच. थर जिथे नीट उघडा पडलेला दिसतो, त्या जागेचं नाव त्याला द्यायचं, ही रीत. तिथे जुनी पाणचक्की होती, म्हणून पाणचक्की शेल. शाळेत असताना ती नकाशावर बोट ठेवून मैत्रिणींना सांगायची, हे माझ्या बाबांनी ठेवलंय. काय तोरा असायचा तेव्हा! आई हसून म्हणायची, पुरे गं, दृष्ट लागेल दगडाला. आईला जाऊन चार वर्षं झाली होती.

"बाबा, राखेचं वय आलंय," तिने एकदाचं तोंड उघडलं. शेलचं वय थेट काढणं कठीण. पण त्यात ज्वालामुखीच्या राखेचा पट्टा सापडला, तर राखेतल्या कणांवरून ते निघतं. "चक्कीजवळची राख आणि खाली पुलाजवळची राख. दोन्ही चोवीस कोटी वर्षांच्या. रासायनिक घडणही तीच."

"म्हणजे थर एकच."

"हो. मध्ये जमीन खचलीय, म्हणून चक्कीजवळचा वर दिसतो. आणि 'पूल शेल' हे नाव तुमच्या दोन वर्षं आधी छापलंय. आधीचं राहतं. मला वाईट वाटतंय, बाबा."

"त्यात वाईट काय? खोडून टाक. मला तिथल्या सर्वेक्षणाच्या पहिल्याच हंगामात कळलं होतं."

मोजमापात केसभर चूक झाली तर अख्खं पान पुन्हा लिहायला लावणारा हा माणूस.

"कळलं होतं? मग वेगळं नाव का दिलंत?"

बाबांनी पापुद्रा टेबलावर ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"एकच थर म्हटलं असतं, तर काम तिथेच संपलं असतं. ऑफिसने आठवड्यात परत बोलावलं असतं. नवीन थर म्हटल्यावर आणखी तीन हंगाम मिळाले. चक्कीच्या वर शाळा होती. तुझी आई तिथे शिकवायची."

लेकीला हसावं की रागवावं कळेना. चाळीस वर्षं नकाशे चुकले होते, आणि त्या चुकीपायीच ती या खुर्चीत बसली होती. तिने पदराने डोळे टिपले.

"आणि आईला हे कधीच सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय? पोरांना घेऊन ती नदीवर यायची. पुलाजवळची राख तिने पाहिली होती. चक्कीजवळचा पट्टा मला दिसलाच नव्हता, तिनेच दाखवला. म्हणाली, ही तीच ना?"

"मग?"

"मी हो म्हटलं. आता परत जावं लागेल, असंही म्हटलं." बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. "तिने पोरांना पुढे पाठवलं. मग म्हणाली, अहवालात एवढ्यात लिहू नका."